बुडख्यांचा माळ

५ जानेवारी २०२५, रविवार

नवी वही सुरू केली. ही एकोणिसावी. वर १९२ पाने असे छापले आहे, मोजली तर १९१ भरली. खर्डीच्या दुकानदाराला दाखवले तर म्हणाला, मास्तर, एका पानाने काय होतंय. मी मास्तर नाही. नववीपर्यंत शिकलो, मग वाशिंदच्या एका कारखान्यात स्टोअरला एकोणीस वर्षे काढली. कारखाना बंद पडला त्या दिवशी माझ्या स्टोअरमध्ये एका वॉशरचासुद्धा फरक नव्हता. झाडांचे जे काही कळते ते त्यानंतरच्या बारा वर्षांतले, रद्दीतून पुस्तके आणून आणि रानात फिरून. दोनशे सहा झाडांची लॅटिन नावे पाठ आहेत. हे लिहून ठेवतो, कारण आज त्याचा उपयोग झाला.

ठाण्याची एक संस्था आमच्या भागातल्या चार उघड्या माळांवर पुन्हा जंगल आणायचा आराखडा करते आहे. आराखडा झाला की वनखाते त्याप्रमाणे काम काढणार. नवीन धोरण असे की स्थानिक लोकांच्या माहितीशिवाय आराखडा मंजूर होत नाही. संस्थेच्या दिशा मॅडमनी शाळेत बैठक घेतली आणि माहिती नोंदवायला माझे नाव घातले. सगळ्यांसमोर मला सर म्हणाल्या. मागच्या बाकावरचे दोघे हसले. हसू देत.

प्रपत्र चौदा रकान्यांचे आहे. खाली सूचना: कोणताही रकाना रिकामा ठेवू नये. अकरावा रकाना असा: आपोआप आलेली रोपे व जिवंत बुडख्यांचे फुटवे, संख्या. मॅडम म्हणाल्या, "सर, हा महत्त्वाचा आहे. आकडा नाही जमला तर नुसतं 'आहेत' लिहा. आम्ही येऊन बघू."

मी हो म्हणालो. पण 'आहेत' ही काय नोंद झाली? स्टोअरमध्ये 'बोल्ट आहेत' असे लिहिले असते तर पहिल्या महिन्यातच घरी बसवले असते.

९ जानेवारी, गुरुवार

सकाळी ७.१० ला निघालो. बरोबर ठाकूरवाडीतला धाकलू. त्याच्याशिवाय हे काम होणार नाही, हे मी मॅडमना स्वतःहून सांगितले होते. सातव्या वर्षी मला रानात पहिल्यांदा त्यानेच नेले. माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा, म्हणजे सदुसष्ट. त्याच्या मतदार कार्डावर एकसष्ट आहे. आमच्या गावात वाडीवरच्या माणसाला एकेरीच हाक मारतात, मीही मारतो.

माळ क्र. १ आज पूर्ण. तो कोयत्याने दाखवतो, मी टेपने मोजतो. छातीच्या उंचीवर घेर घ्यायचा असतो. मोहाला टेप लावली तर म्हणाला, "कपडं शिवतोस काय त्याला?" वाकलेल्या कांदोळाला टेप लावताना मी दोनदा घसरलो, तेव्हा तो खालच्या बाजूला येऊन उभा राहिला.

त्याने सांगितलेले: ओहळाच्या काठाला हेद आणि कळंब आपोआप येतात, तिथे काही लावू नये. कोणत्याही माळावर कातळाजवळ करंज लावला तर दोन पावसाळे जगतो, तिसऱ्याला जातो. मी विचारले, कशावरून. म्हणाला, मागच्या साहेबाने लावले तेव्हा मीच खड्डे मारायला होतो. सर्व लिहून घेतले. झाडे एकूण ८४.

१७ जानेवारी, शुक्रवार

माळ क्र. ४. वाडीच्या मागचा उतार. क्षेत्र अडीच हेक्टर. वाडीत याला बुडख्यांचा माळ म्हणतात. लांबून पाहिले तर गवत आणि अकरा झाडे. मी अकरा लिहिली, ती बरोबर आहेत.

पण गवतात तोडलेल्या झाडांचे बुडखे आहेत. ऐन, धावडा, थोडा साग. घोट्याएवढे उंच, काही तर मातीच्या बरोबरीने. दरवर्षी फुटवे येतात. वाडीतले लोक एक सरळ फुटवा ठेवून बाकीचे राबासाठी छाटतात. भाताची रोपे जिथे करायची ती जमीन भाजायला हा पाला-फाटा लागतो, आमच्याकडे त्याशिवाय पेरणी नाही. माघात वाडीतली माणसे उताराच्या कडेने गवत कापून पट्टा मोकळा करतात, म्हणजे वणवा आत शिरत नाही. धाकलूचे म्हणणे असे की इथे काहीही लावू नका, खणू नका. तीन वर्षे वणवा आणि बकऱ्या बाहेर ठेवा, छाटायचे ते आम्ही सांगू तेवढेच छाटा. बुडाला मुळ्या पन्नास वर्षांच्या आहेत, रान आपले आपण वर येईल.

हे मी बाराव्या रकान्यात, 'इतर माहिती'खाली लिहिले. मग अकराव्यासाठी विचारले, जिवंत बुडखे किती?

म्हणाला, ते मोजत नाहीत.

मला वाटले, कंटाळला असेल. मी मोजतो, तू जिवंत-मेलेला सांग, म्हणालो. त्याला ते ठोकून कळते. कोयत्याच्या पाठीने हाणले की मेला बुडखा टणकन वाजतो, जिता दबका. मी तीन ठोकून पाहिले, तिन्ही चुकले. सरपणाला आलेल्या बाया उभ्या होत्या. त्यांच्यासमोर धाकलू म्हणाला, "सावळाराम पुस्तकातला ऐन वळखतो, मातीतला नाय." बाया हसल्या.

मग खाली बसून त्याने सांगितले. आवाज हलका करून, मुलाला सांगावे तसे.

"खळ्यावर भात येतं, उपणतो, मंग माप लावतो. आन् पयल्या मापाला एक म्हनतो का आपुन? लाभ म्हनतो. हुभ्या पिकाला कोन माप लावतं? माझ्या बापादेखत या माळावर साहेब आले, हातोडा मारून झाडाझाडाला नंबर घातले. दुसऱ्या साली हे बुडखं राह्यलं. मोजायचं ते तोडायचं, सावळाराम. जितं मोजू नको."

मी म्हणालो, हे मोजणे वाचवायला आहे. तो म्हणाला, तेही तसेच म्हणाले असतील.

१२.४० ला परत फिरलो. पाणी मागितले नाही, धाकलूच्या बायकोने, सकूबाईने, दारातून हाक मारली तरी थांबलो नाही. ऊन फार होते.

१८ जानेवारी, शनिवार

पक्की प्रत केली. निळे पेन, रेघा पट्टीने. खाडाखोड एकही नाही.

रकाना ११, माळ क्र. ४ वर बराच वेळ थांबलो. मी मोजलेले नाहीत. धाकलूने आकडा दिला नाही. अंदाजे लिहिणे मी आयुष्यात केलेले नाही. रिकामा ठेवायचा नाही अशी सूचना आहे. 'आहेत' असा शब्द चौदा रकान्यांच्या आकड्यांत भोपळ्यासारखा दिसला असता. स्टोअरचा नियम साधा होता: जो माल मोजला नाही, तो शिल्लक नाही. त्याला आम्ही एकच शब्द लिहायचो. तोच लिहिला. निरंक.

रागाने लिहिले असे नाही.

बायको, सुंदरा, भाकऱ्या थापत होती, तिला सगळे वाचून दाखवले. म्हणाली, "निरंक म्हंजे काय नाय असं ना? मग आपल्या चुलीत काय जळतंय हे?" सरपण त्याच माळाचे आहे, धाकलूची सून आणून देते. मी तिला म्हणालो की वस्तू असणे आणि नोंद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिने भाकरी उलटली. नोंदीतले तिला कळत नाही.

२६ जानेवारी, रविवार

ग्रामसभेत शाल आणि श्रीफळ. दिशा मॅडमनी माझे प्रपत्र सर्वांना उघडून दाखवले. म्हणाल्या, सहा तालुक्यांत इतकी स्वच्छ माहिती कुणी दिली नाही, आणि आराखड्याच्या पहिल्या पानावर माझे नाव छापणार. ते पूर्ण छापा, वडिलांच्या नावासह, असे सांगितले.

धाकलू मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याचे नाव माहिती देणाऱ्यांच्या यादीत आहे, ते मीच घातले, तिसऱ्या क्रमांकावर. घरी जाताना त्याने शालीचा पदर चिमटीत धरून पाहिला. "ऊब हाय," म्हणाला. माळावरच्या त्या शुक्रवारचे काही मनात दिसले नाही. माझ्याही नाही.

३ मार्च, सोमवार

धाकलूचा पुतण्या महादू आला होता. बुडख्यांच्या माळावर कुणीतरी चुन्याची फक्की मारून आडव्या रेघा ओढल्या आहेत, दर दहा-बारा पावलांवर एक. मला विचारायला आला, कारण मास्तर, कागद तुमच्याकडं असतात. मी म्हणालो, मोजणी असेल.

दुपारी जाऊन पाहिले. रेघा एकवीस. माळ क्र. १ आणि २ वर एकही नाही.

४ मार्च, मंगळवार

दिशा मॅडमना फोन केला. १०.२५ ते १०.४१.

आराखड्यात माळांचे दोन वर्ग आहेत. जिथे रान आपोआप येऊ शकते तिथे फक्त राखण. जिथे ते शक्य नाही तिथे मशीनने सलग समतल चर खणायचे आणि लागवड करायची. वर्ग अकराव्या रकान्यावरून ठरतो. माळ क्र. ४ दुसऱ्या वर्गात आहे.

मी म्हणालो, पण बाराव्या रकान्यात मी स्पष्ट लिहिले आहे की खणू नये. फोनवर कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "काका, बाराव्या रकान्याचं वर्गवारीत काही नसतं. आणि अकराव्यात तुम्ही निरंक लिहिलंय. आकडा नसता, काही शब्द असता, तर आम्ही येऊन बघितलं असतं. निरंक म्हटल्यावर कोण बघायला येणार? आम्ही स्थानिक माहितीवरच गेलो ना."

सर म्हणाल्या नाहीत.

आठ दिवसांत प्रत्यक्ष मोजलेला आकडा लेखी दिला तर त्या वर पाठवून बघतील. मशीनचे काम ३१ मार्चच्या आत सुरू झाले पाहिजे, नाही तर तरतूद परत जाते.

माझी नोंद नियमाला धरून होती. हे इथे लिहून ठेवतो.

६ मार्च, गुरुवार

दोन दिवस वाडीवर गेलो नाही. आज गेलो. धाकलूला म्हणालो, साहेबांना आकडा हवा आहे, आकडा दिला तर रेघा पुसतील. एवढेच सांगितले. रकान्याचे सांगण्याची गरज नव्हती, त्याला वाचता येत नाही, उगाच गोंधळला असता.

तो ऐकून उठला आणि गोठ्यात गेला. बराच वेळ आला नाही. सकूबाई म्हणाली, "दादा, त्यांला हे सांगू नका. त्यांच्यानं नाय व्हायचं." मी बसून राहिलो.

बाहेर आला तेव्हा हातात कोयता होता. म्हणाला, तू म्हनतोस तर. माझ्याकडे बघत नव्हता.

८ मार्च, शनिवार

काल आणि आज, दोन दिवसांत मोजणी पूर्ण.

पद्धत लिहून ठेवतो. वरच्या कडेपासून आडवे चालायचे. धाकलू ठोकतो, कान देतो, जिवंत असला तर आकडा म्हणतो. मी लिहितो. शंभर झाले की कुड्याची एक काडी माझ्या खिशात. शाळा न शिकलेला माणूस, पण आकडा एकदाही चुकला नाही; हजाराच्या पुढे मी चुकलो तर त्याने दुरुस्त केले.

पहिल्या बुडख्याला लाभ म्हणाला. खळ्यावर म्हणतात तसे, पण खळ्यावर ते मोठ्याने म्हणतात. दुसऱ्यापासून आकडे. प्रत्येक ठोक्यानंतर डावा हात बुडख्यावर ठेवायचा, गुराला थोपटावे तसा, आणि मग पुढे. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत काही बोलला नाही. नंतर बोलायला लागला. हा माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या साली तोडलेला. याच्यावर बसून बाप विडी ओढायचा. हा मेला म्हणून सोडला होता, मागच्या साली कोंभ आला. मी एवढे लिहिले नाही, त्याला रकाना नाही. या वहीत लिहितो.

वाडीतली माणसे बांधावर येऊन उभी राहिली. कुणी हसले नाही. एक म्हातारी पाठ करून बसली.

एकूण जिवंत बुडखे ११४३. हेक्टरी ४५७. राखणीच्या वर्गाला तीनशे पुरतात.

शेवटचा मोजून झाल्यावर धाकलूने विचारले, "आता रेघा पुसतील ना रे?" मी म्हणालो, पुसतील.

१० मार्च, सोमवार

आकडा मॅडमच्या हातात दिला. खर्डीहून लोकलने ठाण्याला जाऊन, स्वतः. पोच घेतली. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाल्या, हा जानेवारीत असता तर.

१३ मार्च, गुरुवार. होळी

वाडीवरच्या होळीला गेलो होतो. धाकलू नाचायला उठला नाही. गुडघा दुखतो म्हणाला. मागच्या वर्षी तोच सगळ्यांत पुढे होता.

२४ मार्च, सोमवार

मशीन आले. सकाळी ८.०५.

वनखात्याचा माणूस बरोबर होता. त्याला पोच दाखवली. त्याने नीट वाचली, मला बसायला सांगितले, वर फोन लावला. दुरुस्ती पोचली आहे पण अजून मंजूर नाही, मंजूर आराखड्याप्रमाणे काम थांबवता येत नाही. तो वाईट माणूस नव्हता. पहिल्या रेघेवर मशीनचा दात पडला तेव्हा त्यानेही दुसरीकडे पाहिले.

ऐनाचे मूळ तुटते तेव्हा आत लालसर असते. हे मी पुस्तकात वाचले नव्हते.

२५ मार्च, मंगळवार

चर अकरा झाले.

२७ मार्च, गुरुवार

एकवीस पूर्ण. प्रत्येक चर साठ सेंटीमीटर रुंद, तीस खोल, नियमाप्रमाणे. काढलेली माती खालच्या बाजूला टाकली. दोन चरांमध्ये मशीन फिरले, तिथले बुडखेही चेपले किंवा उखडले. किती राहिले ते

वाक्य पुरे करत नाही.

चूक कुठेतरी वर झाली असावी.

२९ मार्च, शनिवार

वाडीत सगळे एकत्र बसले होते. मला बोलावले नव्हते, पण मी गेलो. रेड्याच्या गोठ्यापुढच्या अंगणात.

या वर्षी राबाला पाला कुठून आणायचा, यावर आधी बोलणे झाले. मग महादू उभा राहिला. तिशीतला पोरगा, वाशिंदला कंपनीत जातो, एरवी या गोष्टींवर हसणारा. म्हणाला, "काकांनी मोजलं. आजवर कुनी मोजलं नव्हतं. मोजलं आन् पंधरा दिसांत मशीन आलं. आता काय बोलायचं." ती पाठ करून बसलेली म्हातारी रडायला लागली.

धाकलू म्हणाला, "व्हय. मोजलं मी."

तेवढेच. बाकी काही नाही. माझे नाव घेतले नाही. मी सांगितले म्हणून मोजले, हेही बोलला नाही.

मी उठायला हवे होते. रकाना अकरा, निरंक, जानेवारीतली तारीख, सगळे माझ्या तोंडावर होते. तोंड उघडलेही. मग मनात आले, यांना वर्गवारी कशी समजावून सांगायची, आधी धोरणापासून सुरुवात करावी लागेल. आणि आराखड्याच्या पहिल्या पानावर माझे नाव आहे, ते यांनी पाहिले आहे. चप्पल घालून निघालो. घरी पोचलो तेव्हा डाव्या पायात उजवी होती.

१९ एप्रिल, शनिवार

राब भाजायचे दिवस. वाडीतल्या लोकांनी शेण आणि गवतावर भागवले. धाकलूचा वाफा यंदा भाजून काळा झालाच नाही. सुंदरा म्हणाली, तो आता रानात जात नाही. बायाही सरपणाला दुसरीकडे जातात, लांब. आम्ही गॅस सुरू केला.

११ मे, रविवार

धाकलू आणि सकूबाई गेली. मुरबाडकडे लेकीच्या, रेश्माच्या घरी. महादूने सांगितले. कधी येणार, विचारले तर म्हणाला, शेळ्या विकल्या.

माझ्याकडे न येता गेला. येण्याचे कारणही नव्हते.

९ जुलै, बुधवार

लागवड झाली. चराच्या मातीवर करंज, शिसव, बांबू. सहा फुटांवर एक. रोपे १९००. करंज कातळाजवळसुद्धा लावला.

२ सप्टेंबर, मंगळवार

मुरबाडला गेलो. शहापूरहून सापगावमार्गे एसटी, ९.१५ ची, अकरा मिनिटे उशिरा. पुढे रिक्षा आणि पायी. पाहुण्यासारखी बिस्किटे नेली होती.

लेकीचे घर रस्त्याच्या कडेला आहे, पत्र्याचे, समोर डांबरी. धाकलू ओट्यावर बसला होता. बारीक झालाय. समोर एक कडुनिंब आहे, शहरातल्यासारखा, त्याला विटांचा कट्टा बांधलेला. मला पाहून बस म्हणाला. भाताचे विचारले, सुंदराचे विचारले. रानाचे विचारले नाही.

वाटेत मी सगळे पाठ करून गेलो होतो. तसेच सांगितले, तारखांसकट. जानेवारीत मी रकाना भरला. आकडा नव्हता म्हणून निरंक लिहिले. 'आहेत' लिहिले असते तरी चालले असते, मॅडमनी तसे सांगितले होते, मला ते हलके वाटले. त्या शब्दामुळे माळ त्या वर्गात गेला, रेघा पडल्या, मशीन आले. तुझ्या मोजणीने आले नाही. तुझी मोजणी तर ते थांबवायला होती, फक्त उशिरा पोचली. दोष माझा आहे, धाकलूदादा.

दादा कधी म्हणालो नव्हतो. तोंडातून गेले.

त्याने ऐकून घेतले. विचारले, "निरंक म्हंजे काय?"

"काही नाही, असं."

एक ट्रक गेला, दुसरा गेला.

"मंग तू काय केलंस?" म्हणाला. "काय नाय असं लिहिलंस. काय नाय म्हटल्यानं काय जातं रे? मोजलं तं मी. लाभ म्हनून मोजलं, तरी गेलं."

मी पुन्हा समजावले. वर्ग, रकाना, तीनशेची अट. तो मान हलवत होता, माझ्या समाधानासाठी हलवावी तशी. शेवटी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, तू नको मनाला लावून घेऊ.

आणलेला दोष त्याने घेतला नाही. त्याच्याकडचा दिलाही नाही.

सकूबाई रिक्षापर्यंत आली. सगळे ऐकलेले होते तिने, दाराआडून. चालताना एवढेच बोलली, "आता हितं सांगून काय, दादा. तवा अंगनात सांगायचं व्हतं. चार लोकांत."

६ सप्टेंबर, शनिवार

वाडीवर गेलो. आज गणपती गेले म्हणून सगळे घरी होते. त्याच अंगणात उभा राहून सांगितले. समजावून नाही, नुसते सांगितले. मी चुकीचे लिहिले, म्हणून मशीन आले. धाकलूदादाच्या मोजण्याने नाही.

महादू उठला. मग म्हणाला, "शाल घेतलीत तवा नाय सांगितलंत, मास्तर." आणि घरात गेला.

ती म्हातारी म्हणाली, धाकल्याला सांगा तर, की सांगितलंत. मी म्हणालो, त्याला आधीच सांगितलं. म्हणाली, मग आला का नाय?

१६ नोव्हेंबर, रविवार

संस्थेचे नवीन प्रपत्र आले. लागवडीच्या पहिल्या वर्षाची पाहणी. दिशा मॅडमनी बरोबर चिठ्ठी पाठवली आहे: तुम्हाला नको असेल तर दुसऱ्या कुणाला देऊ. मी नको म्हणालो नाही.

सकाळी माळ क्र. ४ वर गेलो. टेप नेली नाही, चुकून नाही. करंज पुष्कळ सुकले आहेत. शिसवाची काठीच उरली आहे बऱ्याच ठिकाणी. त्यांचा आकडा लागेल, तो उद्या घेईन.

चराच्या कडेला, काढून टाकलेल्या मातीच्या ढिगात, जिथे मुळे तुटून वर आली होती, तिथे लालसर पाने दिसली. खाली बसलो. ऐनाचा कोंभ होता, तुटल्या मुळातून आलेला. पलीकडे आणखी एक. खालच्या चरालाही. दोन चरांच्या मध्ये चेपलेल्या एका बुडख्याला बाजूने धुमारा आला आहे. तो बुडखा मला ओळखीचा वाटला, विडीचा असावा, पण खात्री नाही. कोयता नव्हता म्हणून दगडाने ठोकून पाहिले. दबका वाजला. मला वाटले दबका. डावा हात थोडा वेळ वर ठेवला.

कडेचे गवत यंदा कोणी कापलेले नाही. माघात कापावे लागेल. महादूला विचारायचे, तो नाही म्हणाला तर एकट्याने जमेल तेवढे.

घरी येऊन प्रपत्र भरायला घेतले. निळे पेन. सुंदरा समोर बसली होती. अकरावा रकाना आला. खाली सूचना तीच आहे. यंदा आणखी एक घातली आहे: रकाना ११ मध्ये फक्त आकडा लिहावा, शब्द लिहिल्यास प्रपत्र परत येईल.

लिहिले: आहेत.

परत आले तर पुन्हा तेच लिहीन.